दीड वर्षाच्या मुलाला भरवायचे कोणी?

अंगणवाडीच्या कारभारात वयाची एक रेघ आखलेली आहे. तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला अंगणवाडीत नाश्ता आणि शिजवलेला गरम आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या मुलाच्या वाट्याला मात्र घरी न्यायचा शिधा येतो, ज्याला सरकारी कागदांत टीएचआर आणि वाडीवस्तीवर नुसते ‘पाकीट’ म्हणतात. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. जे मूल स्वतःच्या पायांनी चालत येते, पंगतीत बसते आणि आपल्या हाताने खाते, त्याला केंद्रात खाऊ घालायचे आणि जे येऊ शकत नाही त्याचे अन्न घरी पोहोचवायचे, असा हा व्यवहार आहे. प्रशासनाच्या दृष्टीने तो सोयीचा आहे. अडचण एवढीच की मुलाची वाढ खुंटते ती प्रामुख्याने सहा महिने ते दोन वर्षे या काळात, आणि तीन वर्षांचे मूल अंगणवाडीच्या पंगतीला येऊन बसते तेव्हा त्याच्या उंचीचे जे नुकसान व्हायचे ते बहुतांशी होऊन गेलेले असते.

गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनींना पोषणशास्त्र शिकवण्यात माझी बहुतेक नोकरी गेली आणि त्यांच्या प्रकल्पांच्या निमित्ताने पेठ, त्र्यंबकेश्वर, मोखाडा या तालुक्यांतल्या वाड्यांवर जाणे होत राहिले. कुपोषणाविषयीची आपली सार्वजनिक चर्चा पाकिटात काय आहे, ते कोणी पुरवले आणि किती ग्रॅम भरले याभोवतीच फिरते, हे मला त्या काळात हळूहळू खटकू लागले. त्या चर्चेत तथ्य नाही असे नाही. पुरवठ्यातून ठेकेदारांना दूर ठेवावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला, आणि तरीही महाराष्ट्रातील पुरवठ्याच्या निविदांचा वाद त्याच न्यायालयापर्यंत जाऊन २०१९ मध्ये त्या रद्द झाल्या. पण पाकीट प्रामाणिकपणे भरले, वेळेवर पोहोचले आणि आईने घरी नेले, असे सगळे सुरळीत गृहीत धरले तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो या लेखाच्या शीर्षकात आहे.

आधी पोटाचे गणित पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार अंगावर पिणाऱ्या मुलाला आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून सहा ते आठ महिन्यांच्या वयात रोज सुमारे २०० किलोकॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांत सुमारे ३०० आणि बारा ते तेवीस महिन्यांत सुमारे ५५० किलोकॅलरी ऊर्जा मिळावी लागते. मुलाच्या जठरात एका वेळी वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ३० मिलिलिटर अन्न मावते. म्हणजे आठ किलोच्या मुलाचे पोट २४० मिलिलिटरमध्ये, मोठ्या वाटीभर अन्नात, भरते. आता त्या वाटीत तांदळाची पातळ पेज असेल, जशी ती आदिवासी पट्ट्यात आणि कोकणात लहान मुलाला हमखास दिली जाते, तर तिच्या एका मिलिलिटरमध्ये जेमतेम ०.३ किलोकॅलरी असते आणि पोट तुडुंब भरूनही मुलाला सत्तरच्या आसपासच किलोकॅलरी मिळतात. साडेपाचशेचा आकडा गाठायला त्याने अशा सात-आठ वाट्या प्यायल्या पाहिजेत. तेच अन्न घट्ट, मऊ शिजवलेल्या डाळ-तांदळाच्या खिचडीच्या रूपात दिले आणि वर चमचाभर तेल घातले, तर दोन-तीन वाट्यांत काम भागते. चहाच्या एका चमच्यात मावणारे पाच ग्रॅम तेल एकटेच ४५ किलोकॅलरी देते. ही आकडेमोड मी वर्गात दरवर्षी फळ्यावर करत असे, आणि आपल्या घरी बाळाला ‘वरणाचं पाणी’ आणि ‘भाताची पेज’ देतात हे आठवून मुली दरवर्षी अस्वस्थ होत. पातळ अन्नाची ही रीत फक्त गरिबांची नाही, मध्यमवर्गीय घरांतही उष्टावण झाल्यानंतरचे दोन-तीन महिने वरणाच्या निवळीवर जातात. फरक इतकाच की त्या घरात दिवसभर कोणी तरी वाटी-चमचा घेऊन मुलाच्या मागे फिरत असते.

या मुद्द्यामागे एक मोठा आंतरराष्ट्रीय वाद आहे आणि त्यात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. दुसऱ्या महायुद्धानंतरची वीस-पंचवीस वर्षे गरीब देशांतल्या बालकुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या टंचाईत आहे असे जगभर मानले जात होते. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, काम करणाऱ्या डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात क्वाशिओरकोर या अंगावर सूज आणणाऱ्या आजाराचे वर्णन केले होते. त्यातून पुढे संयुक्त राष्ट्रांनी प्रथिनविषयक सल्लागार गट नेमला, ग्वाटेमालातील पोषण संस्थेने इन्कापरिना नावाचे प्रथिनयुक्त पीठ बाजारात आणले, आपल्याकडे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बालाहार तयार झाला आणि माशांपासून प्रथिनांची भुकटी काढण्याचेही प्रयोग झाले. या सगळ्याला आकड्यांनी प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ रोममधील अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे अनेक वर्षे संचालक होते. भारतीयांच्या प्रत्यक्ष आहाराचे आकडे तपासून त्यांनी असे दाखवले की तृणधान्य आणि डाळ यांवर जगणारा माणूस पोटभर जेवत असेल तर त्याला बहुधा पुरेशी प्रथिने मिळतातच. प्रथिनांची म्हणून जी टंचाई दिसते ती बहुतेक वेळा एकूण अन्नच कमी पडल्यामुळे असते, कारण ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळून टाकते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन लहान मुलांच्या पाहणीवरून याच निष्कर्षाला आले होते. १९७३ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालाने प्रथिनांची गरज आधीपेक्षा कमी धरली, आणि १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या सगळ्या प्रथिनपर्वाची ‘महाफजिती’ अशा आशयाच्या मथळ्याखाली हजेरी घेतली.

सुखात्मे नंतर पुण्यात स्थायिक झाले आणि उपासमार मोजावी कशी यावरून गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकरांशी त्यांचा प्रदीर्घ वाद झाला. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी २,२५० किलोकॅलरींच्या आधारे दारिद्र्याची रेषा आखली होती. शरीर कमी-अधिक अन्नाशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी मानता येणार नाही, असे सुखात्म्यांचे म्हणणे होते. मोठ्यांच्या बाबतीत त्यांचा मुद्दा कितपत टिकतो यावर आजही दोन मते आहेत, आणि त्याचा उपयोग गरिबांची संख्या कमी दाखवण्यासाठी होऊ शकतो हा दांडेकरांच्या बाजूचा आक्षेप मला नेहमीच वजनदार वाटत आला. मुलांच्या प्रथिनांविषयीचा सुखात्म्यांचा पहिला निष्कर्ष मात्र आपण पुरता पचवलेला नाही. आजही पाकिटावरच्या तक्त्यात लोकांची नजर आधी प्रथिनांच्या ग्रॅमवर जाते, आणि हे पीठ मुलाच्या पोटात दिवसातून किती वेळा व किती घट्ट जाणार हा प्रश्न कोणी विचारत नाही.

अंड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, हेही सांगितले पाहिजे. इक्वेडोरमधील डोंगराळ भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिल्यावर खुजेपणा जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले, आणि जगभर अंड्याचा जयजयकार झाला. पुढे मलावीत तसाच प्रयोग केला तर उंचीवर परिणाम दिसला नाही. तेथील मुले आधीपासून बऱ्यापैकी मासे खात होती, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले गेले. आपल्याकडच्या ज्या मुलांच्या ताटात ना मासा ना दूध, त्यांना अंड्याचा फायदा होईल असे मानायला चांगला आधार आहे. आदिवासी क्षेत्रासाठी राज्याने डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केलेल्या ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत पुढच्या वर्षी मुलांसाठी अंडे किंवा केळे आले, ही त्या योजनेतली मला सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. अंड्याचा आणखी एक गुण अहवालांत सहसा येत नाही. उकडलेले अंडे सेविकेसमोरच खाल्ले जाते; ते घरी नेऊन पाच जणांत वाटता येत नाही.

पिठाचे तसे नाही. करोनाच्या काळात पाकिटाऐवजी गहू, हरभरा, मसूरडाळ असा कोरडा शिधा घरोघरी दिला गेला तेव्हा मुलाच्या नावाने आलेला गहू घरच्या डब्यात मिसळला जाणे अगदी स्वाभाविक होते, आणि त्यात कोणाचा दोष काढणे मला योग्य वाटत नाही. ज्या घरात पावसाळ्यात धान्य संपते त्या घरातली आई एका मुलापुरते वेगळे पीठ राखून ठेवील आणि त्याच्या सहा-सात वर्षांच्या बहिणीला त्याला हात लावू देणार नाही, ही अपेक्षा कार्यालयात बसून करण्यासारखी आहे. बहुतेक वेळा ती बहीणच त्या लहानग्याला सांभाळत असते.

मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर आवणीच्या दिवसांत आम्ही एका घरी गेलो होतो. आईवडील पहाटे दुसऱ्याच्या खाचरावर रोपे लावायला गेले होते आणि सव्वा वर्षाचा मुलगा आजी आणि मोठ्या बहिणीपाशी होता. मोतीबिंदूमुळे आजीला नीट दिसत नव्हते. पाकीट घरात होते, चुलीच्या वरच्या फळीवर, अर्धे संपलेले. मुलाच्या दंडाला सेविकेने फीत लावली तेव्हा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या किंचित वर भरला, म्हणजे तो तीव्र कुपोषित या वर्गात न जाता मध्यम कुपोषितांत, सेविकांच्या भाषेत ‘मॅम’मध्ये, राहिला. मुलाला दिवसातून किती वेळा भरवता, असे माझ्या विद्यार्थिनीने आजीला विचारले. आजी म्हणाली, “बाई, सकाळी त्याची आय भरवून जाते न् रातच्याला येऊन भरवते. मधी आम्ही भाकर देतो हातात, तो चघळीत बसतो.” मुलाच्या हातात खरोखरच नागलीच्या भाकरीचा कडक कोपरा होता आणि तो तो मन लावून चोखत होता. सकाळचे आणि रात्रीचे भरवणे धरून दोन, आणि मध्ये दहा-बारा तास भाकरीचा कोपरा. त्या घरात अन्न अगदीच नव्हते असे म्हणता येत नव्हते, अज्ञानही म्हणता येत नव्हते. आईला किती वेळा भरवायचे ते ठाऊक होते आणि सेविकेने सांगितलेले तिला पाठ होते.

दीड वर्षाच्या मुलाला जेवू घालणे हे वेळखाऊ काम आहे. ते एका जागी बसत नाही, दोन घास घेऊन तोंड फिरवते, ताप किंवा जुलाब झाला की अन्न झिडकारते, आणि अशा मुलाने दिवसातून चार-पाच वेळा पुरेसे खावे तर प्रत्येक वेळी पाऊण तास तरी कोणा मोठ्या माणसाला त्याच्यासमोर मांडी घालून बसावे लागते. हा वेळ कोणत्याही योजनेच्या दरपत्रकात नाही. केंद्राच्या २०२३ पूर्वीच्या निकषांप्रमाणे सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने द्यायची असत, आणि २०१७ मध्ये त्यासाठी दिवसाला आठ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलासाठी बारा रुपये धरले गेले. हे दर वाढवण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. दर वाढावेतच, आठ रुपयांत काय येते हे बाजारात जाणाऱ्या कोणालाही कळते. पण बारा रुपये केले काय किंवा सोळा केले काय, भरवणाऱ्या हाताचा हिशेब त्यात येत नाही.

काही गोष्टी स्वयंपाकघरात सोडवता येतात आणि त्यांपैकी एकीवर माझा फार जीव आहे. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज नावाचे विकर तयार होते आणि ते पिष्टमय पदार्थाचे विघटन करते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या गुणाचा उपयोग बालआहारासाठी कसा करता येईल यावर काम केले. कृती साधी आहे: नागली रात्रभर भिजवावी, ओल्या फडक्यात बांधून मोड येऊ द्यावेत, उन्हात खडखडीत वाळवावी, अगदी हलकी भाजून दळावी. जास्त भाजली तर विकर नष्ट होते आणि सगळा खटाटोप वाया जातो. मुली येथे हमखास चुकत. मग नेहमीच्या पिठाची घट्ट लापशी शिजवायची, चुलीवरून उतरवायची, थोडी निवली की मोडाच्या पिठाची चिमूट घालून ढवळत राहायचे. चमचा उभा राहावा अशी लापशी चार-पाच मिनिटांत पळीवाढी होऊन चमच्यावरून ओघळू लागते. नंतर तिला पुन्हा एक उकळी द्यायची. पाणी वाढवलेले नसते, पीठ तेवढेच असते, आणि तरीही दात नसलेल्या मुलाला ती सहज गिळता येते. म्हणजे वाटीतली ऊर्जा कमी न करता अन्न पातळ झाले. महाराष्ट्रात नाचणीचे सत्त्व घरोघर माहीत आहे, पण ते करताना नाचणी वाटून, गाळून चोथा टाकून देतात आणि त्याबरोबर पुष्कळ काही जाते. शिवाय ते पाण्यात किंवा दुधात पातळच शिजवले जाते. मोड आलेल्या पिठाचा चिमूटभर वापर ही निराळी युक्ती आहे आणि कोणत्याही बचत गटाला ती जमेल.

पण ही लापशीही दुपारी कोणी तरी करायला आणि भरवायला हवी. फिरून आपण तेथेच येतो.

महाराष्ट्राने या वयाकडे लक्ष दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. औरंगाबाद विभागातील एका प्रशासकीय प्रयोगातून २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. देशातले अशा प्रकारचे ते पहिले राज्य मिशन होते, आणि गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे एक हजार दिवस हा त्याच्या कामाचा गाभा पुढे बनला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये केलेल्या पाहणीत दोन वर्षांखालील मुलांतला खुजेपणा २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २३-२४ टक्क्यांपर्यंत उतरल्याचे दिसले. गरीब देशांच्या पोषणविषयक इतिहासात सहा-सात वर्षांत एवढी घट क्वचितच नोंदली गेली आहे आणि तेव्हा परदेशी अभ्यासकांनीही तिची दखल घेतली. मग गाडी अडली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील मुलांतला खुजेपणा राज्यात २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होता, तो २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के झाला; उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले दोन्ही वेळा २५.६ टक्के होती, आणि त्यांतली अतिकृश मुले ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली. पाच वर्षांखालील मुलांतला रक्तक्षय तर ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर पोहोचला. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले देशभरात फक्त ११.३ टक्के होती. शेवटचा आकडा वाचताना हे लक्षात घ्यावे की देशात दारिद्र्य एवढे नाही. अगदी खात्यापित्या घरांतली मुलेही त्या उरलेल्या जवळजवळ ८९ टक्क्यांत आहेत.

सगळे भरवण्यावरच अवलंबून आहे असे मी म्हणत नाही. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहलेखकांनी १९९६ मध्ये असा प्रश्न मांडला होता की आफ्रिकेपेक्षा दक्षिण आशियातली मुले अधिक कुपोषित का, आणि त्याचे उत्तर त्यांनी स्त्रियांच्या दुय्यम स्थानात आणि त्यातून येणाऱ्या कमी वजनाच्या बाळांत शोधले होते. मूल जन्मतःच दोन-सव्वादोन किलोचे असेल तर पुढची शर्यत ते मागूनच सुरू करते. घाण पाणी आणि सततचे जुलाब हेही कारण आहे, मात्र तेथेही अनुभव सावध करणारा आहे: बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथील मोठ्या प्रयोगांत शौचालय, शुद्ध पाणी आणि हात धुणे यांच्या सोयींनी मुलांची उंची वाढली नाही, वाढली ती, आणि तीही थोडीच, पूरक आहार आणि त्याविषयीचे मार्गदर्शन मिळालेल्या गटांत. शौचालये अर्थातच इतर अनेक कारणांसाठी हवीत.

आपल्याकडे ग्राम बाल विकास केंद्र, ज्याला सगळे व्हीसीडीसी म्हणतात, हा उपाय नेमका भरवण्याचा आहे. तीव्र कुपोषित मुलाला महिनाभर अंगणवाडीत आणून दिवसातून अनेक वेळा थोडेथोडे घट्ट अन्न द्यायचे, औषधे द्यायची आणि वजन पाहायचे. वजन वाढते. महिना संपतो, मूल घरी जाते, तेथे पुन्हा सकाळ-रात्रीचे दोनदा भरवणे आणि मधल्या वेळी भाकरीचा कोपरा. काही आठवड्यांनी तेच नाव पुन्हा यादीत दिसते तेव्हा तालुक्याच्या बैठकीत सेविकेला जाब विचारला जातो. जी बाई पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी भरते, वजने घेते, पूर्वप्राथमिक शिक्षण देते, निवडणुकीच्या याद्यांची कामे करते आणि हे सारे मानधनावर करते, तिला घरोघर जाऊन ‘समुपदेशन’ अजून नीट करा असे सांगणे मला निर्लज्जपणाचे वाटते. समुपदेशनालाही मर्यादा आहेत. झारखंड आणि ओडिशातील एका काटेकोर प्रयोगात महिलांच्या गटबैठका आणि गृहभेटी यांमुळे कमी वजनाची मुले आणि अर्भकमृत्यू कमी झाले, पण मुलांची उंची वाढली नाही. त्याच राज्यांत जेथे याच्या जोडीला पाळणाघर आले तेथे कृशता आणि खुजेपणा दोन्हींत घट आढळली.

छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेने जंगलातल्या गावांत तीन वर्षांखालील मुलांसाठी फुलवारी नावाची पाळणाघरे चालवली आणि पुढे राज्य शासनानेही २०१२ पासून सरगुजा भागात त्याच नावाने कार्यक्रम सुरू केला. त्यात गावातल्या आया पाळीपाळीने मुले सांभाळतात, शिजवतात आणि भरवतात. बाकीच्या आया निर्धास्तपणे कामाला जातात, आणि मोठी बहीण शाळेत जाऊ शकते. शेवटचा लाभ पोषणाच्या कोणत्याही तक्त्यात मोजला जात नाही. आपल्या पुण्या-मुंबईत बांधकामांच्या जागी मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेश या संस्थेच्या परंपरेतली पाळणाघरे कित्येक वर्षे चालली आहेत, म्हणजे ही कल्पना महाराष्ट्राला अनोळखी नाही.

पाळणाघर महाग पडते, हा आक्षेप खरा आहे. दहा-बारा मुलांमागे किमान दोन बायका, जागा, चूल आणि दिवसाचे तीन वेळचे अन्न यांचा खर्च पाकिटाच्या कैक पट होतो. मला त्यावर एवढेच म्हणायचे आहे की तो सगळीकडे आणि बारमाही करायची गरज नाही. आवणीपासून कापणीपर्यंतचे महिने आणि दिवाळीनंतरच्या स्थलांतराचा हंगाम, हे दोनच काळ धरले आणि डोंगरी आदिवासी तालुके, ऊसतोडीचे फड आणि वीटभट्ट्या एवढ्याच जागा धरल्या, तरी सर्वांत अधिक नुकसान सोसणारी मुले त्यात येतात. कायद्याने हे मान्य केलेलेच आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला मजुरी देऊन नेमण्याची तरतूद होती. ज्या राज्याने १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना देशाला दिली त्या राज्यात अशी नेमणूक झालेले एकही काम माझ्या पाहण्यात आले नाही. जी बाई मुलाला झाडाला झोळी बांधून कामावर येते, तिला ही तरतूद कोणी वाचूनही दाखवलेली नसते.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या नोंदीसाठी राज्याने अलीकडे संगणकीय प्रणाली सुरू केली आहे, म्हणजे मोखाड्याचे मूल भिवंडीकडच्या भट्टीवर गेले तर तेथील अंगणवाडीला त्याचे नाव कळावे अशी सोय आहे. नाव कळल्यावर त्या अंगणवाडीकडून त्याला काय मिळते, तर पुन्हा पाकीट. भट्टीवर विटा थापण्याचे काम पहाटे सुरू होते, चुलीला सरपण मालकाच्या मर्जीने मिळते आणि भट्टीपासून अंगणवाडी बहुधा चालत जाण्याजोगी नसते. जिल्हा वार्षिक योजनेचा किंवा आदिवासी उपयोजनेचा पैसा वापरून येत्या हंगामात एका तालुक्यातल्या भट्ट्यांवर तीन वर्षांखालील मुलांसाठी सावलीची जागा, दोन पगारी बायका आणि दिवसातून चार वेळचे घट्ट अन्न एवढे करून पाहावे, आणि मुले गावी परतल्यावर होळीनंतर त्यांचे दंडघेर त्याच फितीने मोजावेत. शेजारच्या तालुक्यातल्या भट्ट्यांवरची मुले तुलनेसाठी असतीलच, कारण तेथे नेहमीप्रमाणे पाकिटे जात राहतील.